गल्ल्यामागचं घराणं

आपल्याकडे कुणी गातो-वाजवतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शिकला कुणाकडे? मग गुरूचं नाव निघतं, गुरूच्या गुरूचं निघतं आणि दोन-तीन पायऱ्या चढलं की एखादं घराणं हाती लागतं. नांदेडात ख्यालगायकाला हा प्रश्न विचारला तर अण्णासाहेब गुंजकर आणि त्यांचे शिष्य पं. नाथराव नेरळकर यांच्यापर्यंत सरळ वाट दाखवता येते. गुरुद्वाऱ्यातल्या रागी जथ्यांना त्यांची परंपरा आहे. लातूरजवळच्या औशाला नाथ संस्थानात चक्रीभजन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. तमाशाला फड आहे, दिंडीला क्रमांक आहे. हवाईयन गिटार वाजवणाऱ्याला मात्र हा प्रश्न विचारला की तो जरा घुटमळतो आणि म्हणतो, "शिकलो म्हणजे काय... दुकानात."

या पुस्तकासाठी जमलेल्या आठवणी वाचताना हे 'दुकानात' इतक्या वेळा समोर आलं की शेवटी त्याकडेच नीट पाहावंसं वाटलं. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत वाद्यं विकणारी, दुरुस्त करणारी आणि गिऱ्हाईक नसलं की गिटार मांडीवर आडवी घेऊन सिनेमाची गाणी वाजवणारी काही माणसं होऊन गेली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी, त्यांच्याकडून तारा नेणाऱ्यांनी आणि नुसतं ऐकायला म्हणून दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्यांनी इथं लिहिलं आहे. नावं ज्याची त्याने आपापल्या लेखात घेतली आहेत. प्रस्तावनेत मी ती घेत नाही, कारण मला बोलायचं आहे ते या सगळ्यांनी मिळून चालवलेल्या एका परंपरेबद्दल. या वाद्याला घराणं नव्हतं असं सर्रास म्हटलं जातं. माझं म्हणणं असं की घराणं होतं. ते गल्ल्यामागे बसलेलं होतं, म्हणून कुणाच्या नजरेत भरलं नाही.

आधी वाद्याची ओळख करून देतो, कारण तरुण वाचकांपैकी बऱ्याच जणांनी ते समोर बसून ऐकलेलं नसणार. हवाईयन किंवा स्टील गिटार छातीशी धरत नाहीत. ती मांडीवर आडवी ठेवतात, तारा वरच्या अंगाला. डाव्या हाताची बोटं तारा दाबत नाहीत. त्या हातात पोलादाचा गुळगुळीत तुकडा असतो. कुणी त्याला बार म्हणतं, कुणी रॉड. तो तारेवर नुसता टेकवायचा आणि सरकवायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या घालायच्या. तारा पट्टीपासून इतक्या उंच असतात की बार पडद्याला टेकतच नाही. म्हणजे पडदे आहेत, पण ते डोळ्यांसाठी. सूर कुठं आहे याचा पत्ता पडदा देतो, दार मात्र कानानेच शोधावं लागतं. बार पडद्याच्या रेषेवर बरोब्बर आला पाहिजे. केसभर मागे राहिला तर सूर उतरतो, पुढे गेला तर चढतो. बारच्या मागच्या बोटांनी तारा हलकेच झाकून ठेवायच्या, नाहीतर बारच्या दुसऱ्या बाजूची तार उगाच कुरकुरते. हे जमायला महिने लागतात. आणि जमलं की एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना मधे कुठंही पायरी लागत नाही. आपल्या गाण्यातली मींड या वाद्यात आयतीच येते.

खास हवाईयन म्हणून घडवलेली गिटार आमच्याकडे क्वचितच आली. यायची ती साधी सहा तारांची स्पॅनिश गिटार, पुष्कळदा कलकत्त्याची. तिची हवाईयन करण्याचं काम दुकानदाराचं. मानेच्या वरच्या टोकाला, जिथून तारा पट्टीवर उतरतात तिथं, खाचा पाडलेली लोखंडी पट्टी टोपीसारखी बसवायची. तारा उंचावल्या. घोडीकडूनही थोड्या उचलून घ्यायच्या. मग जुनी जुळणी मोडून तारा नव्याने मिळवायच्या. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा प सा ग प सा ही एक प्रचारातली जुळणी. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या की षड्ज, गंधार, पंचम एकदम बोलतात आणि तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला परकं काही वाटत नाही. पण सगळे हीच जुळणी ठेवत असं नाही. प्रत्येक दुकानाची जुळणी वेगळी आणि ती सहसा दुसऱ्याला सांगितली जात नसे. त्याचे परिणाम काय झाले ते पुढे येईलच.

हे वाद्य मुळात कुठलं? नाव सांगतं तसं हवाई बेटांचं. तिथल्या जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिटारच्या तारांवर पोलादी वस्तू सरकवून ही पद्धत रूढ केली, असं मानतात. हवाईतच गॅब्रिएल डेव्हियन हे आणखी एक नाव घेतलं जातं. तो जन्माने हिंदुस्थानी होता आणि जहाजावरून तिथं पोचला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेवर फार भार टाकू नये. पण तारेवर काहीतरी सरकवून सूर काढण्याची कल्पना आपल्याला नवी नव्हती, यासाठी आख्यायिकेची गरजही नाही. उत्तरेत विचित्र वीणा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यम याच तत्त्वावर वाजतात. त्याहून जुना दाखला तर आपल्याच मराठवाड्यातला आहे. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचं वर्णन आहे. एकच तार आणि तिच्यावर सरकवायला बांबूचा तुकडा. शार्ङ्गदेवाची नोकरी होती राज्याच्या हिशेबखात्यात. खतावणी सांभाळता सांभाळता संगीताचा विचार करणारा माणूस या भागाला सातशे-आठशे वर्षांपासून ठाऊक आहे असं म्हटलं तर ते निव्वळ गमतीचं ठरू नये.

अमेरिकेत या वाद्याचा बोलबाला झाला तो 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर. हवाईच्या दालनातलं संगीत ऐकून लोकांनी गिटारी आणि तबकड्या विकत घ्यायचा सपाटा लावला. पुढची एक गोष्ट गिटारप्रेमींनाही सहसा माहीत नसते. बाजारात यशस्वी झालेली पहिली विजेवरची गिटार ही मांडीवर ठेवायची स्टील गिटार होती. रिकनबॅकर कंपनीने 1932 साली ती विकायला काढली आणि तिच्या आकारावरून लोक तिला तवा म्हणू लागले. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा माणूस रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वादक दुरुस्तीला यायचे, तक्रारी सांगायचे, आणि त्या ऐकता ऐकता चाळीसच्या दशकात त्याने आधी स्टील गिटारी आणि अँप्लिफायर बनवले. ज्या गिटारींनी त्याचं नाव जगभर गेलं त्या नंतरच्या. नॅशव्हिलला शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स हे दोघे नावाजलेले वादक. त्यांनी पन्नाशीच्या दशकात पेडल स्टील गिटारी घडवायला सुरुवात केली, पुढे 'शो-बड' या नावाने दुकानही थाटलं आणि देशभरचे वादक तिथं येऊन बसू लागले. नॅशव्हिल काय, फुलर्टन काय आणि नांदेड काय, हे वाद्य वाढलं ते मैफलीच्या बैठकीपेक्षा दुकानाच्या फळीवर. त्याचं कारणही वाद्यातच आहे. तयार वाद्य मिळायचं नाही, प्रत्येकाला ते आपल्या हाताप्रमाणे करून घ्यावं लागायचं. जो करून देई तोच शिकवी.

हिंदुस्थानात ते पोचलं हवाईच्या फिरत्या कलाकारांबरोबर. त्यांत ताऊ मो आणि त्याच्या कुटुंबाचं नाव सगळ्यांत मोठं. चाळीसच्या दशकात हे कुटुंब कलकत्त्यात मुक्कामाला होतं. कलकत्त्याने हे वाद्य इतकं आपलंसं केलं की काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध यांच्यासारखे वादक तिथं घडले आणि बंगाली घरांत पेटीच्या जोडीला गिटार आली. मुंबईला ते सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरलं. लखनौहून आलेले व्हॅन शिप्ले हे मोठं नाव. ते व्हायोलिनही वाजवत आणि स्वतः करवून घेतलेली आठ तारांची विजेवरची गिटारही. त्यांच्या जोडीला अकॉर्डियनवर पुण्याचे एनॉक डॅनियल्स. दुसरे हजारा सिंग. सिनेमाच्या गाण्यांच्या धुना वाजवलेल्या त्यांच्या तबकड्या एचएमव्हीने काढल्या आणि रेडिओने घरोघरी नेल्या.

रेडिओचा भाग थोडा उलगडून सांगायला हवा, कारण आपल्याकडची गिटारची आवड तिथंच रुजली. 1952 साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली आणि देश रेडिओ सिलोन लावू लागला. त्याच वर्षी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आकाशवाणीने 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती काढून हा प्रवाह परत वळवला. कार्यक्रम संपला, बातम्यांना दोन मिनिटं आहेत, अशा फटी भरायला धुनांच्या तबकड्या फार कामाच्या. निवेदकाला हव्या तिथं तोडता येत. अशा तुकड्यातुकड्यांनी व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग मराठवाड्यात आले. पूर्ण धून ऐकायला मिळणं मुश्कील, म्हणून तबकडी हवी. तबकडी मिळणार वाद्यांच्या दुकानात. आणि दुकानात गेलं की तिथं तीच धून वाजवणारा माणूस बसलेला.

या दोन शहरांची दुकानं एकसारखी नव्हती आणि त्याचं कारण रेल्वे. नांदेड मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं, निजामाच्या रेल्वेने जोडलेलं. 1948पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि त्यानंतरही व्यापाराची ओढ हैदराबादकडे राहिली. तिथला माल, तिथले कारागीर, तिथली उर्दू मिसळलेली बोली. लातूर बार्शी लाइट रेल्वेवर. ती चिमुकली नॅरोगेज गाडी 1911 साली लातूरला पोचली. दुसऱ्या बाजूला कुर्डुवाडीवरून पंढरपूर आणि पुढे 1927 साली मिरज. म्हणजे लातूरच्या गंजगोलाईत माल उतरवणाऱ्या त्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला सतार-तंबोऱ्यांची मिरज आणि वाटेवर, ज्या भोपळ्यांचे तंबोरे होतात ते पिकवणारा पंढरपूर-मंगळवेढ्याचा पट्टा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं; लातूरकर दुकानदाराला ते कधीच माहीत होतं. गोलाईभोवतीच्या सोळा रस्त्यांपैकी कुठूनही माणूस आला तरी त्याला टाळ, वीणा, पखवाज मिळाला पाहिजे, हा तिथला पहिला हिशेब. नांदेडला पेटी आणि तबल्याचं काम जास्त, कारण गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन बाराही महिने चालतं.

गिटार या हिशेबात कुठंच बसत नव्हती, हे लक्षात ठेवलं पाहिजे. आषाढीच्या आधी टाळ-पखवाज, गणपतीच्या आधी ढोल-ताशे, लग्नसराईत बँडवाल्यांची खरेदी, आणि एरवी पेटीची दुरुस्ती. दुकान चालायचं ते यावर. गिटारीच्या तारांचा संच महिन्यातून एखादा खपला तर खपला. पोट पेटीवर आणि जीव गिटारीवर, अशी या माणसांची वाटणी होती.

त्यांच्यापैकी नांदेडचे एक काका मी जवळून पाहिले. दुकान म्हणजे अरुंद, खोल खोली. वर खुंट्यांना तबल्याच्या वाद्या आणि ढोलक्या टांगलेल्या, खाली फळीवर पेट्या उघड्या पडलेल्या. एकदा कंधारकडून एक भजनी बुवा पेटी घेऊन आले. मधल्या सप्तकातला गंधार बसला होता. काकांनी पट्टी उचलली, सुराची पितळी जीभ फुंकरीने साफ केली, पातळ पत्रा तिच्याखाली घालून ती किंचित उचलली आणि भाता मारला. सूर बोलला. बुवा खूश. मी शाळेतून येऊन पायरीवर बसलेलो. काकांनी बुवांचा चहा येईपर्यंत गिटार मांडीवर ओढली आणि मला म्हणाले, "हिकडं ये. पेटीचा ग ऐकलास ना? आता ह्यो ऐक." त्यांनी तार छेडली आणि बार अगदी किंचित मागे घेतला. "फरक पडायलाय का?"

मला कळेना. त्यांनी मग भाता मारून पेटीचा षड्ज-गंधार धरला आणि त्यावर गिटारीचा गंधार. दोन्ही एकत्र वाजताना एक बारीक थरथर कानाला लागली. बार मागे सरकला तशी पेटीशी ती वाढली; मग त्यांनी पेटीचा गंधार सोडून नुसता षड्ज धरला आणि गिटारीचा गंधार त्यात विरून गेला. "पेटी सगळ्यांला सारखं वाटती. म्हणून तिचा गंधार थोडा चढाच ऱ्हातो. तार कुणाचं ऐकत नाही, तिला खरं बोलाय लागतंय."

पुढे पुस्तकांत वाचलं तेव्हा कळलं की हे मोजता येतं. समान अंतरांवर बांधलेल्या पेटीचा शुद्ध गंधार, षड्जाशी नैसर्गिकपणे जुळणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्श्याने चढा असतो. आकाशवाणीने 1940 साली पेटीला बंदी केली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. त्यामागच्या वादात हा गंधार होता आणि पेटीला मींड येत नाही हाही आक्षेप होता. विलायती पेटीवर ही आफत असताना सातासमुद्रापलीकडची गिटार मात्र मींड घेऊन आली, आणि कुणी तिला परकी म्हणून अडवलं नाही. हा सगळा वाद काकांनी एका भजनी पेटीवर आणि एका गिटारीवर, चहा येईपर्यंतच्या वेळात दाखवून दिला. संगीतशाळेत याला श्रुतिविचार म्हणतात आणि त्याला वर्षं लागतात.

शिकवण्याची रीत अशीच होती. अलंकार, पलटे, राग हा क्रम नव्हता. गाणं हाच धडा. सरगम वहीत लिहून दिली जायची, पण वहीवर भर नसायचा. "आधी गाणं तोंडपाठ कर," असं या पुस्तकातल्या किती तरी शिष्यांना सांगितलं गेलं आहे. कारण गिटारीला शब्द नाहीत आणि ऐकणाऱ्याच्या मनात ते आधीच आहेत. लताबाई जिथं श्वास घेतात तिथं बार उचलायचा. शब्द जोडून येतो तिथं सरकवायचा. जोडाक्षर असेल तिथं नखीने तार दोनदा हलके मारायची. हे केलं तरच पायरीवर बसलेला माणूस ओठ हलवू लागतो. गिटारीवर गाणं ओळखू येणं वेगळं आणि त्यातले शब्द ऐकू येणं वेगळं. हा फरक या माणसांनी जितका बारकाईने शिकवला तितका दुसऱ्या कुठल्या वाद्याच्या शिकवणीत मी पाहिलेला नाही.

इथून तयार झालेले वादक गेले कुठं? शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत, गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रांत, लग्नाच्या स्वागतसमारंभांत. काहींनी आवाज वाढवायला गावातल्या रेडिओ मेकॅनिककडून अँप्लिफायर बनवून घेतला आणि गिटारीच्या पोटात चुंबकाचा पिकअप बसवला. फुलर्टनला घडलं त्याचीच ही धाकटी आवृत्ती, पेटंटशिवायची. त्यांतल्या कुणाची तबकडी निघाली नाही. त्यांच्याबद्दल लिहिलेलं काही शोधायला गेलं तर हे पुस्तक हाती येतं आणि त्याच्या आधी काही नाही.

शास्त्रीय बैठकीवर हे वाद्य चढवलं ते ब्रिजभूषण काब्रा यांनी. जोधपूरचे काब्रा उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी गिटारीला चिकारीच्या तारा जोडल्या आणि तिच्यावर आलापी केली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 1967ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी ज्या घरात ग्रामोफोन होता त्या घरात असायचीच. त्यांच्यानंतर जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी मोहनवीणा घडवली आणि राय कूडरबरोबरच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'साठी 1994 साली ग्रॅमी मिळवली. काब्रांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य आज जगभर वाजवतात. या वाटेने गेलेल्या वाद्याला गुरू मिळाला, गुरूबरोबर घराणं मिळालं आणि घराण्याबरोबर इतिहास. दुकानातल्या गिटारीला यातलं काही मिळालं नाही. काही लेखकांनी याबद्दल रागाने लिहिलं आहे. मला तो राग समजतो, पण पटत नाही. काब्रांनी एक अवघड गोष्ट केली: धून वाजवणाऱ्या वाद्याकडून राग मागितला. दुकानातल्या माणसांनी दुसरी अवघड गोष्ट केली: ज्याच्या घरी कधीच कुणी वाजवलेलं नाही अशा मुलाच्या हाती वाद्य दिलं आणि फी विचारली नाही. पहिलीची नोंद झाली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

मात्र या परंपरेचा भाबडा गौरव करायलाही मी तयार नाही. तिची एक खोट तिच्या जन्मातच होती. घराणं शिष्यांवर जगतं; दुकान विक्रीवर. जुळणी गुप्त ठेवायची सवय दुकानदारीतून आली, आणि तिच्यामुळे एका दुकानात शिकलेल्याला दुसऱ्या दुकानातली गिटार वाजवता येईना. लेखी पद्धत कुणी केली नाही. वही शिष्याबरोबर गेली किंवा रद्दीत गेली. नव्वदच्या दशकापासून ऑर्केस्ट्रात आणि वरातीत कीबोर्ड आला. एका यंत्रात बासरीपासून गिटारपर्यंत सगळे आवाज, वर ठेक्याचं बटण. वरातीत तर त्याआधीपासूनच बेंजोने जागा घेतली होती. टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजणारा, कर्ण्यातून कडाडणारा बेंजो शिकायला सोपा आणि गर्दीत ऐकू जाणारा. मींड कुणाला हवी होती? मुंबईत तर याची कहाणी एकाच माणसाच्या हातांत दिसते. चरणजित सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदातले स्टील गिटारवादक. 1982 साली त्यांनी सिंथेसायझरवर दहा रागांना डिस्कोचा ठेका जोडून तबकडी काढली. तेव्हा ती फारशी चालली नाही, पण 2010 साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगातले नृत्यसंगीताचे जाणकार तिला काळाच्या पुढची म्हणू लागले. त्यांनी वाद्य बदललं आणि ते टिकले. आमच्या दुकानांतही मुलांनी कीबोर्ड ठेवले, मग स्पीकर, मग मोबाइलचं सामान. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्यावर पोट चालत नव्हतं ते कधीतरी शोकेसमधून मागच्या खोलीत जाणारच होतं. वडिलांचा जीव गिटारीत होता. तो वारसाहक्काने देता येत नाही.

म्हणून हे पुस्तक. संपादकांनी आठवणी कालानुक्रमे न लावता दुकानाच्या कामांप्रमाणे लावल्या आहेत: तारा, जुळणी, दुरुस्ती, शिकवणी, कार्यक्रम. हा निर्णय मला योग्य वाटतो. जन्म-मृत्यूच्या तारखांपेक्षा या माणसांची ओळख त्यांच्या हातांतून होते. आठवणी आहेत म्हणजे थोडी अतिशयोक्ती असणारच. प्रत्येक शिष्याचे गुरू सर्वांत उत्तम वाजवत होते. वाचकाने ती सूट द्यावी. पण जुळणीवरच्या प्रकरणात सूट द्यायची गरज पडणार नाही. सहा वेगवेगळ्या हातांच्या जुळण्या तिथं प्रथमच एका जागी छापल्या आहेत. जे गल्ल्याच्या आत राहत होतं ते आता उघड झालं, आणि या परंपरेत पुढे काही घडायचं असेल तर इथूनच घडेल. शिकू पाहणाऱ्याने ते प्रकरण आधी वाचावं, वाद्य जवळ घेऊन.

आणि एक व्यावहारिक विनंती. नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत माळ्यावर अशा गिटारी पडून आहेत. त्या खाली काढा. तारा ताणलेल्याच असतील तर सगळ्या सैल करा, कारण उंचावलेल्या तारांचा ताण वर्षानुवर्षं राहिला की मान वाकते आणि घोडी उपटून येते. मानेवरची लोखंडी पट्टी गंजली असेल तर ओढून काढू नका, तेलाचा थेंब सोडा. खोक्यात वही सापडली तर ती फेकू नका, तिचे फोटो संपादकांकडे पाठवा; पुढच्या आवृत्तीत जुळण्यांच्या प्रकरणाला जागा ठेवलेली आहे. आणि गिटार दुरुस्त होण्यासारखी असेल तर घरातल्या लहान मुलाच्या मांडीवर ठेवा. त्याला सा प सा ग प सा कसं मिळवायचं ते या पुस्तकात दिलेलं आहे. पुढचं त्याला येत असलेलं एखादं गाणं शिकवील.

नांदेड